लोकांची भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

प्रिय ताई,

माझं वय ३४. नोकरी करते. रोज प्रार्थना करते, शास्त्र वाचते, तरी मला माणसांची भीती वाटते. बैठकीत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. कुणाला साधा निरोप पाठवायचा तरी चार-चारदा वाचून बघते. कुणी काही मागितलं की तोंडातून 'हो' निघून जातं आणि मग रात्रभर स्वतःचाच राग येतो. मोठ्या बहिणीचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात कामातल्या एका चुकीबद्दल माझ्या सहकारी मैत्रिणीला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. चूक तिची नव्हती. तिच्याकडे आलेले आकडेच चुकीचे होते आणि ते मला माहीत होतं. मी मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत बसले. मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) एका भगिनीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, 'विश्वास असता तर भीती राहिलीच नसती.' तेव्हापासून प्रार्थनेला बसायलाही तोंड नाही असं वाटतं. माझा विश्वास खोटा आहे का? (मला 'तू' म्हणा, बरं वाटेल.)

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या त्या रेघोट्यांपाशी मी बराच वेळ थांबले. मला त्या माहीत आहेत. एकदा चार जणी बसून पाचव्या बाईबद्दल वाटेल ते बोलत होत्या. ते खरं नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी पदराचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसले होते. गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. बोटाचं टोक पांढरं पडलेलं अजून आठवतं. त्या बाईची माफी मागायला मला दोन वर्षं लागली. म्हणून तुला जे लिहिते आहे ते काठावर उभं राहून लिहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुझा विश्वास खोटा नाही. त्या भगिनीचा हेतू वाईट नसेल, पण ती जे बोलली ते शास्त्राला धरून नाही.

५६ वं स्तोत्र उघड. मथळ्यातच दिलंय की गथ या गावी पलिष्टी शत्रूंनी दावीदाला धरलं त्या वेळचं हे स्तोत्र. गथात काय घडलं ते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आहे. शौल राजापासून जीव वाचवत दावीद पळाला आणि गेला कुठे, तर थेट पलिष्ट्यांचा धिप्पाड योद्धा गल्याथ याच्या गावी. बरोबर तलवार होती तीही गल्याथाचीच. तिथल्या राजाच्या चाकरांनी त्याला ओळखलं. दावीद फार घाबरला, असं शास्त्र स्पष्ट म्हणतं. आणि मग त्याने वेड पांघरलं. वेशीच्या दारांवर ओरखडे काढू लागला, दाढीवरून लाळ गाळू लागला. हा तोच दावीद, ज्याने पोरवयात एका गोट्याने गल्याथाला आडवं केलं होतं. मुलांना आपण गोफण फिरवणारा दावीद दाखवतो. दार ओरबाडणारा दाखवत नाही, आणि मला वाटतं तिथेच चुकतो. मोठेपणी आपल्याला गरज या दुसऱ्या दावीदाची पडते.

या माणसाच्या तोंडचं स्तोत्र काय म्हणतं? मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. त्यातल्या 'तेव्हा' या शब्दावर बोट ठेव. भीती गेल्यावर नव्हे, भीती वाटत असताना. आणि लगेच पुढच्या ओळीत तोच म्हणतो, मी भिणार नाही, मनुष्य माझं काय करणार? वाटेल आणि भिणार नाही, दोन्ही एकाच माणसाचं, एकाच श्वासातलं. भीती वाटणं हा अविश्वास नाही. भीती वाटली की आपण कुणाकडे वळतो, सगळं तिथे आहे. तू वहीकडे वळलीस, मी धाग्याकडे वळले. चुकलं ते तिथे.

आता या भीतीकडे जरा नीट बघू, कारण ही वाघाच्या किंवा अंधाराच्या भीतीसारखी नसते. नीतिसूत्रांच्या २९ व्या अध्यायात एक वचन आहे: मनुष्याची भीती पाश होते, पण जो परमेश्वरावर भाव ठेवतो तो सुरक्षित राहतो. पाश म्हणजे पाखरं धरायचा फास. फास हा कधी फासासारखा दिसत नाही. जमीन दिसते, चार दाणे दिसतात. माणसांची भीतीही भीतीसारखी दिसत नाही. ती सालसपणासारखी दिसते. 'मी कुणाला दुखवत नाही.' 'मला वाद आवडत नाहीत.' 'आपण कशाला मध्ये पडा?' लोक त्यासाठी आपलं कौतुकही करतात, म्हणून तर पाय अडकलाय हे कळायला इतकी वर्षं जातात. तू त्या बैठकीत गप्प बसलीस तेव्हा बाकीच्यांना तू समंजसच वाटली असशील. अडकलेला पाय फक्त तुला दिसत होता.

याच वचनातला 'सुरक्षित' हा शब्द मूळ हिब्रूत 'उंचावर ठेवलेला' असा आहे. मला हे चित्र फार आवडतं. फास जमिनीवर लावलेला असतो. पाखरू बळकट झालं म्हणून सुटत नाही, त्याला कुणीतरी वर उचललेलं असतं. तू पत्रभर स्वतःला विचारते आहेस की मी धीट कशी होऊ. धीटपणा आणायचा कुठून, हे मलाही कधी कळलं नाही. तो आपल्याला आणावा लागत नाही, हे मात्र हळूहळू कळलं.

मग अडतं कुठे? तर निकाल आपण लोकांच्या हाती दिलेला असतो. तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला एक खुर्ची दिसायला लागली, न्यायाधीशाची. बैठकीत ती खुर्ची तू साहेबांना दिलीस. फोन वाजला की ती बहिणीला देतेस. निरोप पाठवताना तर समोर कुणी नसतं, तरी जो कुणी तो वाचेल त्याला तू आधीच त्या खुर्चीवर बसवून ठेवतेस. मंडळीतल्या भगिनीने एक वाक्य उच्चारलं आणि तीही तिथे बसली. इतकी, की तिच्या निकालापायी तू देवापुढे बसायचीही थांबलीस. बघ बरं, देवाच्या आणि तुझ्या मध्ये एका माणसाचं मत येऊन बसलं. माणसांच्या भीतीची मुळं इथवर जातात. ज्याचा निकाल आपण अखेरचा मानतो, तोच आपला देव होऊन बसतो, आपण नाव कुणाचंही घेत असलो तरी.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की ज्यांना आपण या खुर्चीवर बसवतो त्यांतल्या बहुतेकांचं आपल्याकडे लक्षही नसतं. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं बाहेर आल्यावर विचारलं, तर त्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना ते चित्र आठवत होतं. मला ही माहिती उपयोगी पडते, पण ती पुरत नाही. कारण त्या पाव लोकांचं काय? कधीकधी लोक खरंच बघतात, खरंच नावं ठेवतात, खरंच हसतात. तेव्हा 'कुणाचं लक्ष नव्हतं' हे समाधान कामाला येत नाही. तेव्हा ती खुर्ची कुणाची आहे, हेच पक्कं असावं लागतं.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ४ था अध्याय मी यासाठी पुन्हा पुन्हा वाचते. करिंथातले लोक त्याला तोलत होते, दुसऱ्या शिक्षकांशी त्याची तुलना करत होते. तो म्हणतो, तुम्ही माझा न्यायनिवाडा करावा हे मला अगदी क्षुल्लक वाटतं. इथपर्यंत ठीक, कुणीही मानी माणूस असं म्हणेल. पण पुढे तो म्हणतो, मी स्वतःचाही न्यायनिवाडा करत नाही, माझा निवाडा करणारा प्रभू आहे. म्हणजे त्याने लोकांना खुर्चीवरून उठवलं, पण स्वतः जाऊन तिच्यावर बसला नाही. आजकाल उठसूट सांगतात ना, 'लोकांचं सोड, तुला तू पटलीस की झालं'? तुला आणि मला ते जमणार नाही. तू रात्रभर स्वतःवर जी रागावत असतेस ती न्यायाधीश तूच तर असतेस, आणि ती बहिणीपेक्षा कडक आहे. ती खुर्ची रिकामीही ठेवायची नाही. ज्याची आहे त्याला द्यायची. आणि तो कोण आहे हे तुला माहीत आहे. चिमण्यांची गोष्ट येशूने सांगितली ती लोकांची भीती बाळगू नका हे सांगतानाच. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका नाण्याला आहेत आणि लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन नाण्यांना. हिशेब करून बघ, पाचवी वर फुकट पडते. त्यांच्यापैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असं तो म्हणाला. निकाल देणारा असा आहे.

आता तुझ्या सहकारी मैत्रिणीबद्दल. इथे मला तुझी समजूत काढायची नाही. तू गप्प बसलीस हे चुकलंच, आणि तुला टोचतंय ते बरं आहे. पण टोचणी घेऊन कुठे जायचं हे पेत्राकडून शिकण्यासारखं आहे, म्हणून त्याची गोष्ट जरा सावकाश सांगते.

पेत्र हा येशूचा शिष्य. येशूला धरून नेलं त्या रात्री 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून त्याने येशूला नाकारलं. त्याच रात्री, काही तास आधी, याच पेत्राने बागेत तलवार उपसून एकाचा कान कापला होता. समोर मशाली आणि शस्त्रं घेतलेली माणसं होती. म्हणजे माणूस भेकड नव्हता. मग येशूला नेलं त्या महायाजकाच्या अंगणात असं काय झालं? दारावरच्या एका दासीने विचारलं, तूही त्याच्याबरोबर होतास ना? बस, एवढंच. तिच्या हातात तलवार नव्हती. आजूबाजूला लोक कोळशाच्या विस्तवापाशी शेकत होते, तोही त्यांच्यात उभा होता, आणि त्या घोळक्यातून आपण वेगळे दिसू, एवढ्या धास्तीने त्याने तीनदा 'नाही' म्हटलं. तुझी ती बैठक आठव. तुझ्या जिवाला धोका नव्हता, बहुधा नोकरीलाही नव्हता. फक्त सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या असत्या. तेवढंही पुरतं. तलवारीला न भिणारा माणूसही वळलेल्या मानांना भितो.

पुढे योहानाच्या २१ व्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, शिष्य मासे धरून किनाऱ्याला येतात तर तिथे पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. या खेपेला तो येशूने पेटवलेला असतो. ग्रीक नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा हा शब्द फक्त या दोनच ठिकाणी येतो: पेत्राने नाकारलं तिथे, आणि इथे. तोच धूर, तोच वास. येशू त्याला आधी जेवू घालतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? एकदाही 'का नाकारलंस' म्हणत नाही, पण ती जागा टाळूही देत नाही. तुला प्रार्थनेला तोंड उरलं नाही असं वाटतं. मला वाटतं, तुझ्यासाठीही तिथे विस्तव पेटवून ठेवलेला आहे. तू जायचीच खोटी आहे.

त्यानंतरचा पेत्र यहुद्यांच्या न्यायसभेपुढे ताठ उभा राहतो, त्याचं धैर्य पाहून मोठमोठे लोक आश्चर्य करतात, हे सगळं प्रेषितांच्या कृत्यांत ४ थ्या अध्यायात आहे. बहुतेक उपदेश तिथे संपतात. पण गलतीकरांच्या पत्राचा २ रा अध्यायही वाच. अनेक वर्षं लोटल्यावर, अंत्युखिया शहरात, परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर बिनदिक्कत जेवणारा हाच पेत्र यरुशलेमेकडची काही माणसं आल्याबरोबर पंगतीतून मागे सरला. कारणही तिथे दिलंय: त्याला त्या लोकांची भीती वाटली. त्याच्यामागोमाग बर्णबासारखा भला माणूसही ओढला गेला. पौलाला सगळ्यांसमोर त्याला बोलावं लागलं. हे मी तुला निराश करायला सांगत नाही. एकदा धीर केला म्हणून ही भीती कायमची जाईल अशी आशा धरू नकोस, नाहीतर पुढच्या खेपेला अडखळलीस की पुन्हा 'माझा विश्वास खोटा' म्हणून पत्र लिहिशील. पेत्र पुन्हा अडखळला आणि तरी तो पेत्रच राहिला.

प्रार्थनेचं एक सांगते. आपण मागतो, 'प्रभू, माझी भीती काढून टाक.' मीही वर्षानुवर्षं हेच मागितलं. त्या न्यायसभेकडून धमक्या मिळाल्यावर पहिल्या मंडळीने काय मागितलं ते मात्र बघ. धमक्या थांबव असं ते म्हणालेच नाहीत. त्यांच्या धमकावण्यांकडे पाहा, आणि आम्हाला तुझं वचन धैर्याने बोलू दे, एवढंच म्हणाले. मला हे कळलं तेव्हा माझी प्रार्थना बदलली. उपासनेत शास्त्रवाचन करायची पाळी आली की माझे हात थरथरायचे आणि कागदाची फडफड माइकवर सगळ्यांना ऐकू जायची. हात थरथरू नयेत म्हणून मी मागत राहिले, ते थरथरतच राहिले. मग मागणं बदललं: थरथरत का होईना, वाचायला लाव. आणि कागद हातात धरायचा सोडून समोर ठेवून वाचायला लागले. आजही थरथर पूर्ण गेलेली नाही. वाचते मात्र.

तू प्रार्थनेत माणसाचं नाव घे, आणि त्या माणसाकडून तुला नेमकं काय हवंय तेही उघड बोल. 'बहिणीने मला शहाणी म्हणावं असं मला वाटतं.' 'साहेबांनी मला कधीच चुकीची समजू नये असं वाटतं.' हे मोठ्याने बोललं की कळतं, आपण माणसाकडे असं काही मागतोय जे द्यायची त्याची ऐपतच नाही. मग त्याच माणसासाठी, त्याच्या दुखण्याखुपण्यासाठी प्रार्थना कर. ज्याच्यासाठी आपण मनापासून मागतो, त्याला फार काळ न्यायाधीश मानता येत नाही. तोही आपल्यासारखाच गरजवंत दिसायला लागतो. बहिणीबद्दल मी याहून जास्त लिहीत नाही. या आठवड्यात तिला एका लहानशा गोष्टीला 'नाही' म्हण, कारणं न देता, आवाज न चढवता. कारणं द्यायला लागलीस की पुन्हा तिच्यापुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहशील.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, शरीर. घसा कोरडा पडणं, छाती धडधडणं, हात थरथरणं हे धोका जाणवला की शरीरात उसळणाऱ्या अॅड्रेनालिनचं काम आहे, पापाचं नाही. ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकून असेल, तिच्यापायी तू कामं, माणसं, संधी टाळत असशील, तर तो सामाजिक चिंतेचा आजारही असू शकतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. समुपदेशक हळूहळू, पायरीपायरीने त्या प्रसंगांना सामोरं जायला शिकवतात, विचारांची घट्ट बसलेली वळणं मोकळी करतात. गरज पडली तर डॉक्टर औषधही देतात. त्यांच्याकडे जाणं म्हणजे देवावरचा भाव सोडणं नव्हे. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीला भिऊन पळाला आणि झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि दोनदा जेवू घातलं. बोलणं नंतर.

दुसरी, खरा धोका. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही, पण हे सदर वाचणाऱ्या एखादीच्या घरात असेल म्हणून लिहिते. कुणी हात उचलत असेल, धमकावत असेल, तर देवावर भाव ठेव म्हणजे तिथेच राहा असा अर्थ कुणी तुला लावून देऊ नये. दावीद शौलाच्या भाल्यापुढून निघून गेला. पौल दिमिष्क शहराच्या तटावरून पाटीत बसून खाली उतरला. निघून जाणं, मदत मागणं, तक्रार करणं, हेही विश्वासानेच करता येतं.

आणि आता सोमवार. तुझं काम तिथे आहे. आधी मैत्रिणीकडे जा, साहेबांकडे नंतर. भीती ओसरायची वाट बघू नकोस, ती ओसरणार नाही. लांबलचक प्रस्तावना करू नकोस, 'मला किती वाईट वाटलं' हे सांगत बसू नकोस, नाहीतर तुझी समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात पडेल. एवढंच म्हण: 'त्या दिवशी चूक तुझी नव्हती. आकडे आधीच चुकलेले होते आणि मला ते माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. आता साहेबांना सांगायला जाते आहे.' ती रागावली तर रागावू दे, तिचा हक्क आहे. कदाचित ती काहीच बोलणार नाही. साहेब विचारतील, तेव्हाच का नाही सांगितलंस? तर खरं ते सांग: धीर झाला नाही.

आवाज फुटणार नाही, शब्द अडतील, हरकत नाही. वही मात्र जागेवरच ठेवून जा. सोमवारी सकाळी मी तुझ्यासाठी गुडघ्यांवर असेन, तुझ्या मैत्रिणीसाठीही. काय झालं ते कळव. दारापर्यंत जाऊन परत आलीस तरी कळव, मंगळवारी पुन्हा बसू.

तुझी,
ताई